कोयीतली ओल

आषाढातल्या एका दुपारी कोकणातल्या एका स्वयंपाकघरात पाहिलेली गोष्ट मनातून जाईना. अळूच्या फदफद्यात घालायला आठळ्या हव्या होत्या. घरच्या काकींनी पडवीच्या कोपऱ्यातला मातीचा ढीग उकरला. मे महिन्यात खाल्लेल्या फणसांच्या आठळ्या धुऊन, वरचा बुळबुळीतपणा घालवून, ओलसर तांबड्या मातीत घोळवून तिथे पुरलेल्या होत्या. दोन महिन्यांनी त्या बाहेर आल्या तेव्हा नखाने साल खरवडली की आतली आठळी टवटवीत, पांढरी. एकदोघींना तर मोडही आले होते. शेजारच्या टोपलीत मूठभर आठळ्या अशाच राहून गेल्या होत्या, त्या सुकून खडखडीत झाल्या होत्या, हलवल्या की सालीच्या आत वाजत होत्या. आणि तिथून दहा पावलांवर, चुलीच्या वर टांगलेल्या पुरचुंड्यांत दोडका, पडवळ, काकडी आणि मिरचीचं बियाणं होतं, राखेत घोळवलेलं आणि धुराने कोरडंठाक झालेलं. काकी म्हणाल्या, “आठळ्यांक वारो लागूक नये, बियाण्याक ओल लागूक नये.” आणि त्या कामाला लागल्या.

एकाच घरात, एकाच पावसात, दोन उलटे नियम.

वनस्पतींच्या देवाणघेवाणीचा इतिहास बहुधा राजे, कंपन्या आणि गलबतं यांच्या अंगाने सांगितला जातो. पोर्तुगीजांनी हे आणलं, इंग्रजांनी ते नेलं, कुणी चोरलं, कुणी लपवलं. ते सगळं खरंच आहे. पण मिरची सोळाव्या शतकातच आपल्या ताटात आली आणि रबर मात्र एकोणिसावं शतक सरत आलं तरी ॲमेझॉनच्या बाहेर रुजलं नव्हतं, याचं उत्तर कुठल्याही दरबारात सापडत नाही. ते त्या पडवीत सापडतं. कुठल्या झाडाने समुद्र कधी ओलांडला, याचा मोठा हिशेब बियांमधल्या पाण्याने ठरवलेला आहे.

बियांच्या दोन जाती आहेत असं समजू. पहिली जात पिकता पिकताच स्वतःला कोरडं करत जाते. मिरची, भात, ज्वारी, टोमॅटो, तंबाखू, पेरू या सगळ्यांचं बी झाडावरून उतरतं तेव्हा किंवा थोडं वाळवल्यावर त्यात वजनाच्या जेमतेम ५ ते १० टक्के पाणी उरतं. पेशींतल्या साखरा घट्ट होऊन काचेसारख्या गोठतात, त्या पेशीची पटलं आणि प्रथिनं जागच्या जागी धरून ठेवतात, श्वसन जवळजवळ थांबतं. अशा बियांसाठी एक जुना ढोबळ नियम आहे. ओलावा एका टक्क्याने घटवला की आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवलं की पुन्हा दुप्पट. हा नियम साधारण ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या टप्प्यातच चालतो, पण तेवढ्यात एका बियाण्याच्या पिशवीचं नशीब पालटतं. दुसरी जात थांबतच नाही. फणस, आंबा, कोको, चहा, रबर, नारळ. यांचं बी पडतं तेव्हा ओलंच असतं, आठळीत तर जवळपास निम्मं वजन पाण्याचं. आतला गर्भ श्वास घेत असतो आणि रुजण्याची तयारी पडल्या क्षणापासून सुरू झालेली असते. ते वाळवलं की पेशींची पटलं फाटतात आणि नंतर कितीही भिजवलं तरी सांधत नाहीत. थंडीत ठेवावं, तर उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच जातींना फ्रिजचा गारठाही सोसत नाही. हवाबंद डब्यात ठेवावं, तर श्वास कोंडून, तापून, बुरशी येऊन कुजतं. ओल हवी, श्वासापुरती हवा हवी, ऊबही बेताची हवी, आणि हे सगळं दिलं तरी हातात काही आठवडे, फार तर काही महिने. हा भेद शास्त्राच्या परिभाषेत नीट मांडला गेला तो थेट १९७३ साली, इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या रॉबर्ट्स यांच्याकडून. त्याआधी शेकडो वर्षं माणसं बऱ्याचदा दोन्ही जातींचं बी एकाच पद्धतीने, म्हणजे खडखडीत वाळवून, कागदात गुंडाळून जहाजावर चढवत होती.

लिस्बन ते गोवा हा प्रवास सगळं सुरळीत झालं तरी सहा महिन्यांच्या आसपासचा. एवढ्या काळात मिरचीच्या बियांना काहीच होत नाही. खलाशाच्या बटव्यात, मसाल्याच्या पेटीत, वाळलेल्या मिरचीच्या पोटातच त्या सुखरूप असतात; मुद्दाम कुणी बियाणं म्हणून आणायचीही गरज नाही. पेरू, सीताफळ, तंबाखू हे सगळे असेच कोरड्या वाटेने आले. अननसाचं बी लागत नाही, पण त्याचा शेंडा किंवा बुडाशी फुटलेला कोंब आठवडेच्या आठवडे मातीशिवाय तग धरतो, कारण पानं मुळातच पाणी राखून जगायला घडलेली. काजूचं बी मोठं असलं तरी बोंडाखाली लटकलेल्या त्या बीला दुहेरी कवच असतं आणि कवचाच्या मधल्या थरात कातडी भाजणारं तेल. किडा त्यात तोंड घालत नाही, उंदीर वाट वाकडी करतो. नीट सुकवलेली काजूबी काही महिने उगवणक्षम राहते, म्हणजे ब्राझीलहून निघून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पोहोचायला पुरेसा वेळ. पोर्तुगीज वैद्य क्रिस्तोव्हाव दा कोश्ता यांच्या १५७८ सालच्या पुस्तकात काजूचं वर्णन आहे. आजही कोकणात रोपासाठी काजूबी निवडताना ती पाण्यात टाकून बघतात. तरंगली ती बाजूला, बुडाली ती पेरायची, देठाकडची बाजू वर करून. जी आत सुकून पोकळ झाली तिच्यात जोर नसतो, हे पाणीच सांगतं.

पण उलट दिशेने आंबा नेणं सोपं नव्हतं. कोय महिनाभरही कोरड्यात राहिली की संपली. त्यामुळे आंबा अटलांटिकपलीकडे पोहोचायला फार उशीर लागला आणि जिथे पोहोचला तिथे बहुधा रोपाच्या रूपाने, कुंडीत, मातीसकट. १७८२ सालची एक हकीकत मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. मॉरिशसहून कॅरिबियनमधल्या आपल्या वसाहतीकडे रोपं घेऊन निघालेलं एक फ्रेंच जहाज ॲडमिरल रॉडनी यांच्या इंग्रज आरमारातल्या कॅप्टन मार्शल यांनी पकडलं आणि जमैकाला आणलं. त्यात आंबा होता, फणस होता, दालचिनी होती. रोपांवर फक्त क्रमांकांच्या चिठ्ठ्या होत्या. जमैकात ती रोपं वाढली, आणि त्यातल्या एका उत्तम आंब्याला आजही तिथे ‘नंबर ११’ म्हणतात. कुणीतरी कुठल्यातरी बागेत त्या झाडाला त्याच्या नावाने हाक मारत असणार, त्याच्या फळाची वाट बघत असणार. ते नाव गेलं, चिठ्ठी राहिली.

जिवंत रोप जहाजावर नेणं म्हणजे काय, हे समजायला डेकवर उभं राहिल्याची कल्पना करावी लागते. रोपाला ऊन हवं म्हणून डेकवर ठेवायचं, तर लाटांचे तुषार पानांवर बसतात, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. ते मीठ पेशींतलं पाणी ओढून पानं करपवतं. खाली तळघरात ठेवायचं, तर अंधारात पानं पिवळी पडतात, शेंडे लांबट, फिकट होतात आणि मान टाकतात. रोज गोडं पाणी हवं, आणि गोड्या पाण्याचं माप तर खलाशांनाही मोजून मिळतं. वादळ आलं की कुंड्या आडव्या. जहाजावरच्या शेळ्यांना, कोंबड्यांना पानं दिसली की संपलं. तळातल्या उंदरांचं तर विचारायलाच नको. चीनमध्ये राहणारे इंग्रज डॉक्टर जॉन लिव्हिंग्स्टन यांनी १८१९ मध्ये असा अंदाज लिहून ठेवला की इंग्लंडला जिवंत पोहोचणाऱ्या एका रोपामागे हजार रोपं वाटेत मरतात.

हजारात एक.

‘बाउंटी’ या इंग्रज जहाजावरचं खलाशांचं बंड अनेकांना ठाऊक आहे. ते जहाज मुळात होतं कशासाठी, हे मात्र मागे पडलं. ताहितीतला विलायती फणस, म्हणजे आपल्याकडचा नीरफणस, वेस्ट इंडीजच्या मळ्यांतल्या गुलामांचं स्वस्त अन्न म्हणून न्यायचा होता. ताहितीतल्या उत्तम जातींत बी धरतच नाही, झाड मुळांवरून फुटलेल्या धुमाऱ्यांतून वाढवायचं. त्यामुळे बियांची पुरचुंडी हा मार्गच बंद. जहाजाची मोठी केबिन, जी एरवी कप्तानाची, ती रोपांना दिली. तिथे भोकं पाडलेले फळ्यांचे मंच बांधले आणि प्रत्येक भोकात एक कुंडी बसवली, म्हणजे जहाज हेलकावलं तरी कुंडी कलंडणार नाही. जमिनीवर शिशाचा पत्रा अंथरला आणि कुंड्यांतून झिरपलेलं पाणी कोपऱ्यातल्या नळ्यांनी पिंपात गोळा करून पुन्हा वापरायची सोय केली. धुमारे मुळं धरेपर्यंत थांबावं लागलं, आणि ते थांबणं सुमारे ५ महिन्यांचं झालं. १७८९ च्या एप्रिलमध्ये जहाज निघालं तेव्हा त्यावर ७७४ कुंड्या, ३९ टब आणि २४ पेट्यांत मिळून १,०१५ रोपं होती. बंड झाल्यावर ती समुद्रात फेकली गेली. ‘बाउंटी’चेच कप्तान ब्लाय यांनी दुसऱ्या फेरीत, १७९१ ते १७९३, ताहितीहून २,१२६ रोपं उचलली, आणि वेस्ट इंडीजपर्यंत त्यातली ६७८ जिवंत राहिली. म्हणजे उत्तम जहाज, दोन माळी, सरकारी पैसा आणि आधीचा कडू अनुभव, एवढं सगळं असूनही तीनात एक. ज्यांच्यासाठी हे केलं त्यांनी सुरुवातीला ते फळ खायला नकार दिला. गुलामाला न विचारता त्याच्या ताटात काय पडावं ते ठरवणाऱ्यांनी एवढं शिसं, एवढं पाणी खर्च केलं, आणि त्याच जहाजांच्या वाटेवर माणसांना मात्र त्या कुंड्यांइतकीही जागा मिळत नव्हती, हे वाचताना घशाशी येतं.

कलाटणी मिळाली ती लंडनमधल्या एका डॉक्टरच्या बाटलीतून. नाथानियल वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळ राहायचे. तिथे धुरामुळे त्यांचं नेचे लावायचं स्वप्न काही फळत नव्हतं. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत घालून, झाकण लावलेल्या काचेच्या बाटलीत ठेवला होता. पतंग राहिला बाजूला. मातीतून एक नेचा आणि एक गवताचं पातं उगवलं. वॉर्ड यांनी पाहिलं की दिवसा मातीतली ओल वर जाते, काचेला थेंब धरतात आणि संध्याकाळी पुन्हा मातीत उतरतात. त्यांनी पाणी घातलं नाही, झाकण उघडलं नाही, आणि तो नेचा जवळजवळ ४ वर्षं जगला. १८३३ मध्ये त्यांनी अशाच दोन बंद पेट्या नेचे आणि गवतं लावून सिडनीला धाडल्या. तिथे त्या पोहोचल्या तेव्हा दोनतीन नेचे सोडले तर सगळं हिरवंगार होतं. परतीला, १८३४ च्या फेब्रुवारीत, पेट्यांत ऑस्ट्रेलियातली रोपं भरली. सिडनीत तेव्हा ३२ ते ३८ अंशांची गरमी, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या वळणावर उणे ७ अंश आणि डेकवर बर्फ, विषुववृत्तावर ४९ अंशांपर्यंतचा ताप. ८ महिन्यांच्या त्या प्रवासात एकदाही पाणी न घालता रोपं लंडनला टवटवीत उतरली.

वॉर्डपेटीचं वर्णन सहसा ‘काचेची पेटी’ एवढ्यावर आटपतं, पण तिचा जीव तिच्या बांधणीत होता. खाली जाड फळ्यांची खोलगट पेटी, आणि तिला पाय, म्हणजे डेक धुताना किंवा लाट आल्यावर खारं पाणी तळाशी लागायला नको. वर दोन बाजूंनी उतरतं काचेचं छप्पर, आणि त्यावर लाकडी पट्ट्या किंवा तारेची जाळी, कारण डोलकाठीवरून एक कप्पी सुटून पडली तरी काच फुटते. तळाशी खापरांचा थर, त्यावर शेवाळ, मग वीतभर माती. माती वाफशावर असली पाहिजे, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी सुटू नये. ती जास्त ओली झाली की आठवड्याभरात देठ काळे पडून रोपं बसतात, आणि एकदा बुरशी सुटली की बंद पेटीत तिला अडवणारं काही नसतं. रोपं निघण्याच्या काही आठवडे आधी लावून मुळं धरू द्यायची. मातीवर आडव्या पट्ट्या ठोकायच्या, नाहीतर पहिल्याच हेलकाव्यात माती उचकटून रोपांच्या डोक्यावर. फटी लांबीने बुजवून वर रंग द्यायचा. आणि मग जहाज निघालं की हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं. एखादा दयाळू खलाशी झाकण उघडून पाणी घालायचा, एखादा कप्तान गर्दी झाली म्हणून पेटी खाली अंधारात ढकलायचा, आणि महिन्यांची मेहनत मातीत जायची. काच फुटली तर तिथे ताबडतोब फळी किंवा ताडपत्री ठोकावी अशा सूचना लिहून पेटीवर चिकटवलेल्या असायच्या. या पेट्या किती काळ वापरात राहिल्या? लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात अशी शेवटची पेटी फिजीहून १९६२ मध्ये आली.

पेटीने रोपांचा प्रश्न सोडवला, तसा ओल्या बियांचाही सोडवला. चीनमधून चहा हिंदुस्थानात आणायला ईस्ट इंडिया कंपनीने पाठवलेल्या रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चहाचं बी आधी वाळवून, पुड्यांत, वाळूत, सगळ्या परीने पाठवून पाहिलं. चहाचं बी तेलकट आणि ओलं. ते खवट होतं नाहीतर सुकतं. शेवटी त्यांनी वॉर्डपेटीत तुतीची रोपं लावली आणि त्यांच्या मधल्या मातीवर चहाचं बी विखरून वर पातळ मातीचा थर दिला. बी वाटेतच रुजलं, आणि पेटी कलकत्त्याला उघडली तेव्हा तुतीच्या पायाशी चहाची रोपं दाटीने उभी होती. म्हणजे बी थांबत नाही ना, मग थांबवायचंच नाही, प्रवासातच उगवू द्यायचं. पडवीतल्या आठळ्यांचाच न्याय. एवढा खटाटोप करून आणलेल्या चिनी चहाचा वारसा दार्जिलिंगच्या उतारांवर टिकला, पण हिंदुस्थानातल्या चहाचा मोठा भार पुढे आसामच्या जंगलात मुळातच असलेल्या चहाने उचलला. आपल्या दारात काय आहे ते आधी नीट पाहायला हवं होतं.

सिंकोना, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनचं झाड, याची गोष्ट उलट बाजूने हेच सांगते. क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी १८६० मध्ये दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातून गोळा केलेली पिवळ्या सालीची रोपं पेट्यांतून इंग्लंडमार्गे निघाली. तांबड्या समुद्राच्या उष्म्यात ती शिजली आणि निलगिरीला पोहोचेपर्यंत संपली. रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वाडोरमधून मिळवलेली लाल सालीची रोपं मात्र जगली आणि उटीच्या परिसरात त्यांचे मळे झाले. पण त्या सालीत क्विनीन कमी. सिंकोनाचं बी मात्र कागदासारखं हलकं, पंख असलेलं, कोरडं सोसणारं. १८६५ मध्ये इंग्रज व्यापारी चार्ल्स लेजर यांच्याकडे जे बी आलं ते बोलिव्हियातल्या मानुएल इंक्रा मामानी या स्थानिक जाणकाराने जमवलेलं होतं. कुठल्या झाडाची साल खरी, हे ओळखणारी नजर त्याची. इंग्रजांनी ते बी घ्यायचं टाळलं. डच सरकारने पाऊण-एक पौंड घेतलं आणि जावात पेरलं. त्या झाडांच्या सालीत पुढे १३ टक्क्यांपर्यंत क्विनीन निघालं, आणि जगाच्या क्विनीनचा बाजार जावाच्या हाती गेला. मामानीला बी दिल्याबद्दल पकडून मारहाण झाली आणि त्यातच १८७१ मध्ये त्याचा अंत झाला. झाडाला लेजर यांचं नाव लागलं. ते मामानीचं असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

रबर हे ओल्या बियांचं सगळ्यात अवघड प्रकरण. हेवियाचं, म्हणजे रबराच्या झाडाचं, बी करड्या ठिपक्यांचं, सुपारीपेक्षा मोठं, तेलाने भरलेलं. फळ तडकून ते दूर उडतं आणि तिथपासून घड्याळ सुरू. ओलावा १५-२० टक्क्यांखाली गेला की गर्भ मरतो. ओलं ठेवून ढीग केला की तापतं, आंबतं, तेल खवट होतं. १८७३ मध्ये लंडनला पोहोचलेल्या सुमारे २,००० बियांतून डझनभरच रोपं उभी राहिली. हेन्री विकहॅम यांनी १८७६ मध्ये ॲमेझॉन खोऱ्यातल्या तापाजोस नदीकाठच्या जंगलातून, तिथल्या आदिवासी माणसांच्या मदतीने, सुमारे ७०,००० बिया गोळा केल्या. बी सावलीत, चटईवर, वाऱ्याला ठेवून फक्त वरची ओल जिरवायची. मग केळीच्या सुक्या पानांचा थर, त्यावर बी, पुन्हा पानं, असं वेताच्या विरळ विणीच्या करंड्यांत भरायचं. आणि करंड्या जहाजाच्या पोटात टांगायच्या, म्हणजे भोवती वारा खेळेल आणि खालून ओल चढणार नाही. आगबोट असल्यामुळे दिवसही वाचले. जूनच्या मध्यावर बी क्यूला पोहोचलं आणि लगोलग काचघरांत पसरून पेरलं गेलं. एवढ्या काळजीनंतर उगवली सुमारे २,७०० रोपं, म्हणजे शेकडा चारच्या आसपास. ऑगस्टमध्ये १,९१९ रोपं ३८ वॉर्डपेट्यांतून श्रीलंकेला निघाली आणि तिथे बहुतेक सगळी जगली. पुढच्या वर्षी २२ रोपं सिंगापूरला गेली. मलाया आणि श्रीलंकेतल्या लाखो एकरांवरचं रबर या मूठभर रोपांच्या वंशातलं आहे.

या मोजणीत न दिसलेली एक गोष्ट होती. ॲमेझॉनमध्ये रबराच्या पानांवर एक बुरशी येते, कोवळी पानं गळवते, पुन्हा फुटलेली पुन्हा गळवते, आणि झाड उपासमारीने मरतं. जंगलात झाडं दूर दूर विखुरलेली असतात म्हणून तग धरतात. एका ओळीत लावली की रोग पानावरून पानावर चालत जातो. बी वरची ओल जिरवून क्यूला आलं, तिथे काचघरात नव्याने उगवलं, आणि फक्त निरोगी रोपं पुढे गेली. ती बुरशी मागेच राहिली. हेन्री फोर्ड यांनी १९२८ मध्ये त्याच तापाजोस नदीकाठी प्रचंड रबरमळा उभा केला, आणि बुरशीने तो फस्त केला. १९४५ मध्ये जमीन ब्राझील सरकारला विकून टाकावी लागली. श्रीलंकेत १८६९ मध्ये आलेल्या तांबेरा या बुरशीरोगाने कॉफीचे मळे बसवले, तीही अशाच देवाणघेवाणीच्या काळातली किंमत. म्हणून परदेशातून येताना बॅगेत लपवून एखादं रोप आणणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती वाटत नाही. मातीच्या एका मुठीत काय येतं हे डोळ्यांना दिसत नाही.

आंब्याकडे पुन्हा यायला हवं, कारण इथे कोयीची आणखी एक अडचण आहे. कोय जिवंत पोहोचली तरी हापूसच्या कोयीतून हापूस उगवत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागसंकरातून आलेला. आईसारखं फळ देईल याची खात्री नाही. म्हणून जात न्यायची तर कलम न्यायचं. भेटकलमात कुंडीतलं वर्षभराचं खुंटरोप, म्हणजे ज्यावर कलम चढवायचं ते रोप, मातृवृक्षाच्या फांदीशी नेऊन टांगतात किंवा मंचावर ठेवतात, दोन्हींची साल आणि थोडं लाकूड ५-६ सेंटिमीटर तासून ते काप जुळवून बांधतात. अडीचतीन महिन्यांनी जोड धरला की फांदी खालून एकदम तोडत नाहीत; आधी अर्धी कापतात, आठवड्याने पुरी. घाई केली की काडी सुकते, कारण खुंटाच्या मुळांकडून पाणी यायची वाट अजून रुळलेली नसते. १८८९ मध्ये मुंबई इलाख्यातून अशी भेटकलमं अमेरिकेच्या कृषी खात्याने फ्लोरिडाला नेली. १८९५ च्या कडाक्याच्या थंडीत ती जवळजवळ सगळी गेली, आणि ‘मुलगोबा’ म्हणून ओळखलं जाणारं एक झाड तेवढं पुन्हा फुटलं. त्याच्या कोयी कॅप्टन जॉन हेडन यांनी १९०२ मध्ये लावल्या, त्यातून ‘हेडन’ ही जात निघाली, आणि हेडनच्या रोपातून ‘टॉमी ॲटकिन्स’. न्यू जर्सीच्या दुकानात तो लालसर, कडक, धाग्यांचा आंबा हातात घेऊन नाक मुरडणाऱ्या मराठी माणसाला हे सांगावंसं वाटतं की याच्या पूर्वजांच्या कहाणीत एक कलम आपल्या मुलखातलं आहे.

आता आपला हापूसही तिथे जातो. फळावर अंडी घालून कोयीत वाढणाऱ्या भुंग्यामुळे अमेरिकेने भारतीय आंब्याला अनेक वर्षं दार बंद ठेवलं होतं; २००७ मध्ये ते उघडलं ते लासलगावच्या विकिरण केंद्रामुळे. किमान ४०० ग्रे इतकी गॅमा किरणांची मात्रा दिली की भुंग्याची पैदास थांबते. तशा कोयीतून धड झाड उभं राहील अशी आशा मात्र धरू नये. भुंग्याच्या पेशी थांबवणारी मात्रा ओल्या गर्भालाही सोसत नाही.

या सगळ्यातून आजच्या घडीला एक चिंता उरते. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटावर, बर्फात, २००८ पासून उणे १८ अंशांवर जगभरचं बियाणं ठेवलं जातं. भात आहे, ज्वारी आहे, वांगी-मिरची आहे. आंबा, फणस, कोकोचं बी तिथे ठेवता येत नाही, ते वाळवणंही सोसत नाही आणि गोठणंही. दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोत आठळीतला आणि चहाच्या बियांतला काही मिलिमीटरचा गर्भ काढून, झटपट सुकवून, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवण्याचं काम झालं आहे, पण हे प्रत्येक जातीला साधत नाही. बाकी जे जपायचं ते जिवंत झाड म्हणूनच, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रासारख्या बागांत आणि त्याहून कितीतरी जास्त लोकांच्या परसात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागातल्या बागा आडव्या केल्या, तेव्हा कलमांसोबत जुनी रायवळ झाडंही पडली. त्यातल्या कित्येकांच्या फळाची चव फक्त त्या वाडीला ठाऊक होती आणि त्यांचं बी कुठल्याही पुडीत नव्हतं.

असं झाड पडलं तर लाकूडवाल्याला बोलवायच्या आधी कलमासाठी काड्या काढता येतात. तीनचार महिन्यांच्या पक्व फुटीची, पेन्सिलच्या जाडीची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न उमललेला अशी काडी निवडावी. १० ते १५ सेंटिमीटर पुरे. पानं देठाचा तुकडा राखून लगेच कापावीत, नाहीतर ती काडीतलं पाणी ओढून घेतात. काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लास्टिक लावून सावलीत ठेवाव्यात. गोणपाटातून पाणी ठिबकत असेल तर ते आधी पिळून काढावं. खुंट म्हणून पावसाच्या सुरुवातीला ताज्या कोयी वाफ्यात टाकल्या की पंधरवड्यात तांबूस पानांची कोवळी रोपं मिळतात आणि त्यावर कोयकलम बांधता येतं. जुलै-ऑगस्टची दमट हवा त्याला मानवते. काडी जितकी लवकर खुंटावर चढेल तितकं बरं, चारपाच दिवसांच्या पुढे यश झपाट्याने उतरतं. एका झाडाची वीसपंचवीस कलमं बांधावीत आणि ती एकाच बागेत न लावता चार घरांत वाटून टाकावीत.